डावीकडचा विजेता

मित्रांनो, मी एक जुनी खेळपेटी आहे, आणि माझी तक्रार एव्हारिस्तोबद्दल आहे. तो माझ्या डोक्यावर ओला ग्लास ठेवतो. पाहुण्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणतो, "हिच्यावर मला हरवणारा एतला गावात अजून जन्माला यायचाय, आणि एतला म्हणजे आमचं हे गाव." पण डावीकडच्या स्टुलावरून ऊठ म्हटलं, की त्याचे पाय जड होतात. यातली शेवटची तक्रार सगळ्यांत मोठी आहे. ती कळायची तर मी कशी झाले ते ऐकायला हवं.

गावातलं इंटरनेटचं दुकान बंद पडलं, तेव्हा एव्हारिस्तोने तिथला एक म्हातारा कॉम्प्युटर उचलून आणला आणि त्यात दोघांनी खेळायचा मारामारीचा खेळ घातला. माझं अंग म्हणजे त्याच्या मावशीच्या कपाटाची दारं. उजव्या कुशीत अजून एक बिजागरी आहे. तिला काही काम नाही, पण कोणी काढलीही नाही. दांडे आणि बटणं जुन्या बाजारातली. बटणांसाठी वेगळं सर्किट घ्यायचं सोडून त्याने एक जुना कीबोर्ड फोडला आणि दोन्ही बाजूंच्या तारा त्यालाच जोडल्या. माझं शिक्षण म्हणाल तर चालू आणि बंद, एवढंच. तरी सांगते, खोट तिथेच राहिली. असल्या कीबोर्डाला बऱ्याच कळा एकदम दाबलेल्या ऐकू येत नाहीत. डावीकडच्याने दोन बटणं दाबून धरली, की उजवीकडचं लाथेचं लाल बटण मुकं होतं.

एव्हारिस्तोला हे फार लवकर कळलं. एका दुपारी तो एकटाच होता. त्याने एक बाजू धरली, दुसरी दाबून पाहिली, पुन्हा पाहिली. मग माझं मागचं दार उघडून आत बघत बसला. मग दार लावलं. मला वाटलं, सामान आणायला गेला. तो जेवायला गेला होता.

इकडे खेळायची एक रीत आहे. जिंकणारा जागेवरच राहतो, आव्हान देणारा उजवीकडे येऊन बसतो. रविवारी जेवणं झाली की चुलतभाऊ, शेजारीपाजारी, सगळे रांग लावायचे आणि हरून उठायचे. "काय हात आहे याचा," म्हणायचे. जिंकणारा जागचा हललाच नाही, मग खोट दिसणार कोणाला? त्याची बहीण नेरेइदाही दर रविवारी रांगेत असायची. तिची बोटं भावापेक्षा चपळ. हे मी सांगते, कारण ती माझ्या अंगावर पडायची.

पुढे सगळ्यांच्या हाती फोन आले. माझ्यावर आधी कापड आलं, मग कांद्याची टोपली.

मग त्यांच्या आईचं, गाव जिला मानाने दोन्या म्हणतं त्या एदुविखेसचं, मनगट मोडलं. बाजारात तव्यावर मेमेला, म्हणजे मक्याच्या जाड भाकऱ्या, भाजून तिने हे घर चालवलेलं. आता तव्यापाशी कोणीतरी बसायला हवं. आणि नेमकं तेव्हाच नेरेइदाला पुएब्ला शहरातल्या एका बेकरीत काम मिळालं होतं, तर एव्हारिस्तोला तिथल्या मित्राने दुरुस्तीच्या दुकानात बोलावलं होतं. एकालाच जाता येणार होतं.

"आपसात ठरवा," आई म्हणाली. "मी कोणाला जा म्हणणार नाही आणि थांबही म्हणणार नाही."

"पेटीवर ठरवू," एव्हारिस्तो म्हणाला. "हरेल तो थांबेल."

"माझ्या कामाचा निकाल या कपाटावर लावायचा?"

"घाबरलीस वाटतं."

"तुला? तुला तर आपली कोंबडीपण घाबरत नाही. काढ ते कांदे."

तीन डाव ठरले, आणि ते बघायला शेजारीपाजारी जमले. पहिला नेरेइदा हरली. दुसरा चालू असताना आई बाजूच्या खोक्यावर बसून होती. पडद्यावरचं तिला काही कळत नसे, म्हणून ती हात बघत होती.

"थांबा," ती म्हणाली. "नेरेइदा, ते लाल बटण तू दाबलंस ना?"

"दाबलं की."

"मग तुझी बाई चर्चमधल्या मूर्तीसारखी उभी का?"

"हिचा हात उशिरा पडतो, आई," एव्हारिस्तो म्हणाला.

"असेल. जागा बदला."

"जिंकणारा जागा सोडत नाही. रीत आहे."

"रीत मला नको शिकवूस. मी तुला जन्म दिलाय. ऊठ."

तो उठला नाही. तो न उठलेला सगळ्यांनी पाहिला.

आई स्वतः आली. प्लास्टरचा हात तिने त्याच्या दोन बटणांवर टेकला आणि चांगल्या हाताने लाल बटण दाबलं. बाई ढिम्म. प्लास्टरचा हात उचलला, पुन्हा दाबलं. बाईने अशी लाथ मारली की समोरचा पडद्याबाहेर जायचा बाकी राहिला.

"तुला ठाऊक होतं?" नेरेइदाने विचारलं.

"कीबोर्ड जुना आहे गं."

"मी कीबोर्डाचं नाही विचारलं."

मित्रांनो, माझ्यासारखीत खोट निघायचीच. स्वस्तातली आहे मी, आणि मला त्याची लाज नाही. पण खोट दिसली की त्याच दिवशी दुरुस्त करा. माझी खोट म्हणजे एका दुपारचं काम. ती तशीच पोसली, आणि एका मुलीचं गाव सोडणं माझ्या पोटातल्या तारांवर येऊन लटकलं.

एव्हारिस्तो खाली बघून बटणं पुसत होता. दोन्या एदुविखेस त्याच्यासमोर उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"नेरेइदा उद्याच्या बसने जाईल, आणि तव्यापाशी तू बसशील. हरलास म्हणून नाही. हरायला आधी खेळावं लागतं, एव्हारिस्तो, आणि तू आजवर एकदाही खेळलेला नाहीस."