मुलग्याचा साचा

आमच्या फ्लॉरेन्समध्ये पोटुशी बाई जे बघत राहते तेच तिच्या पोटी येतं, असं मानतात. म्हणून तिच्या खोलीत गुटगुटीत मुलग्यांचे पुतळे मांडतात. मुलीचा पुतळा मांडलेला मी तरी कुठे पाहिला नाही. माझ्या पलंगासमोर बाळयेशू होता. त्याच्याकडे डोळे फाडफाडून पाहिलं, आणि झाल्या दोन मुली. नवरा गेल्यावर सासूबाईंनी दोघींना मठात घातलं.

धाकट्या जावेला, दियानोराला, दुसऱ्यांदा दिवस गेले. दुसरीही मुलगीच झाली तर थोरल्या फियाची रवानगी मठात, हे सासूबाईंनी आधीच बजावलं होतं. बाळयेशूवरचा त्यांचा विश्वास माझ्यामुळे उडालेला. तो हलवून त्यांनी नेन्चोचा मातीचा अर्धपुतळा तिथे ठेवला. नेन्चो त्यांचं शेंडेफळ, लहानपणीच तापाने गेलेलं. पुरण्याआधी मूर्तिकार मास्तरांकडून त्याच्या चेहऱ्याचा साचा घेतला होता. तसा तो सगळेच घेतात. रंगवलेले गाल असे, की पापा घ्यावासा वाटावा. मला मात्र ते ध्यान बघवत नसे.

"अहो, गेलेल्याचा साचा पोटुशीसमोर कशाला?" मी म्हटलं.

"दोन पोरी काढून मला शिकवतेस होय गं, पिएरा?"

मी पुतळा भिंतीकडे तोंड करून ठेवला. दियानोराने तो पुन्हा फिरवला.

"नका ना, जाऊबाई. माझी फिया नेतील हो त्या."

"अगं, पण त्याची नजर बघ की!"

"बघतेच आहे दिवसभर. आता तोही बघतो," असं म्हणून ती हसली. मला ते हसू आवडलं नाही.

पुढे पुतळ्याच्या गालांचा रंग उतरत गेला. सासूबाई ओलीला दोष देत. एकदा धूळ पुसताना माझा हात गालाला लागला, तर गाल कोमट. त्या कोपऱ्यात ऊन कधीच येत नसे. दियानोरा म्हणे, बाळ लाथ मारत नाही, मातीचा गोळा ठेवल्यासारखं नुसतं जड लागतं.

मुलगा झाला. सासूबाईंनी गल्लीभर मिठाई वाटली. बाळ रडलं नाही, पण श्वास घेत होतं, दूध ओढत होतं. नाक नेन्चोचं, हनुवटीही नेन्चोचीच. डोळे तेवढे उघडेनात. शेवटी सुईणीने पापणीवरून बोट फिरवलं आणि हात झटकन मागे घेतला. पापण्यांना फटच नव्हती. कातडी सलग होती, गुळगुळीत.

सासूबाईंनी शांतपणे बाळाचा पापा घेतला.

"माझा नेन्चोच आला. साच्यात त्याचेही डोळे मिटलेलेच आले होते. मास्तरांनी कोरणीने उघडले. बोलावलंय त्यांना."

"कोरणीने?" दियानोरा ताडकन उठून बसली. "जिवंत आहे हो तो!"

"आंधळ्याला घराचा वारस म्हणू? मग बांधा फियाचं बोचकं."

जिन्यावर मास्तरांचा खोकला ऐकू आला. मी दाराला आडवी झाले. वाटलं, जावेने हूं म्हटलं तर म्हाताऱ्याला जिन्यावरून ढकलून देईन.

फिया पलंगाची कड धरून उभी होती. दियानोराने तिच्याकडे पाहिलं, मग मांडीवरच्या बाळाकडे. तिचे डोळे घळाघळा वाहत होते, आवाज मात्र स्वच्छ होता.

"जाऊबाई, फियाला बाहेर न्या. आणि मास्तरांना आत येऊ द्या."