सहा चाळीसची गाडी

कुरखेड्याजवळच्या त्या गावात एसटी आणली ती मनसारामनं, हे सगळ्यांना मान्य होतं. खुद्द मनसारामला जरा जास्तच. चाळीस वर्षांपूर्वी तो तलावातली मासोळी टोपल्यात घालून, टोपलं डोक्यावर घेऊन नऊ किलोमीटर चालत कुरखेड्याच्या बाजाराला जायचा. मग त्यानं एक अर्ज लिहवून घेतला, घरोघरी फिरून सह्या आणि अंगठे गोळा केले, आणि एसटी आली. त्यामुळे त्याची नात रिंकू आयर्लंडातून फोनवर रडायला लागली, तेव्हा तो घाबरला नाही. विषय त्याच्या हातातला होता.

रिंकू तिथल्या एका खेड्यात राहायची आणि अठरा किलोमीटरवरच्या शहरात, वृद्धाश्रमात नर्स होती. सोबत काम करणारी एक बाई तिला आपल्या कारनं न्यायची, पण ती आता दुसरीकडे चालली होती. गावात बस यायची ती मंगळवारी, तीही दुपारी. गाडी चालवण्याच्या परीक्षेत रिंकू दोनदा नापास झाली होती. दुसऱ्यांदा, मोकळ्या रस्त्यावर हॉर्न वाजवला म्हणून. पुढची तारीख पाच महिन्यांनी होती. कामावर वेळेत पोचली नाही तर नोकरी जाणार, आणि नोकरी गेली की ती परत कुरखेड्याला.

"आबाजी, इथी लोक दूध आणाले बी कारनं जातेत."

"मंग रडून काऊन राह्यली? अर्ज कर. सह्या घे."

"इथी कोणी असं करत नाई."

"आमच्या इथी बी कोणी करत नव्हतं."

रिंकू रविवारी चर्चबाहेर कागद घेऊन उभी राहिली. त्रेचाळीस लोकांनी हसतमुखानं सह्या केल्या. अर्ज पोचल्यावर तिथल्या बस कार्यालयानं दोन आठवडे रोज सकाळी सहा चाळीसची बस सोडून पाहायचं ठरवलं. रोज दहा उतारू मिळाले, तर बस कायम.

पहिल्या सोमवारी तिचा बसमधून फोन आला, तेव्हा मनसारामकडे अकरा वाजून गेले होते. तो ओसरीत जाळं दुरुस्त करत होता.

"किती झाले?"

"मी एकटी."

"अन् सह्या करणारे कुठी गेले?"

"आपापल्या कारमंधी. मले हात दाखवून दाखवून गेले."

"लाजा नाई का त्याइले?" चुलीपाशी बसलेली त्याची बायको देवकाबाई म्हणाली.

"लाज आहे म्हणून तर हात दाखवला," मनसाराम म्हणाला. मग त्यानं नातीला समजावून सांगितलं. त्याच्याही गावात लोक सही करून पायीच जात होते. तेव्हा तो अर्ज घेऊन थांब्यावर बसायचा आणि जो समोरून जाईल त्याचं नाव मोठ्यानं वाचायचा. शाळेत हजेरी घेतात तसं.

रिंकूला मोठ्यानं नावं वाचायचा धीर झाला नाही. ती नुसती अर्ज हातात धरून रस्त्याकडे पाहत उभी राहिली. तेवढ्यानं भागलं. गुरुवारी बसला रिंकूशिवाय बारा माणसं आली. बाराही जण आपापल्या कारनं आले. थांब्याजवळची मोकळी जागा बारा कारनी भरली आणि बसला वळायला जागा उरली नाही. ड्रायव्हरनं बस मोठ्या रस्त्यापर्यंत उलटी नेली आणि असंच चाललं तर गावात येणार नाही, असं बजावलं.

"आमच्या इथी सतरा बंड्या होत्या. बैलासकट," मनसाराम म्हणाला. त्याला फार बरं वाटत होतं. "पाळी लावली आम्ही. एकानं बंडी जुंपाची, वाटेतल्या लोकाइले घ्याचं. तुमी बी पाळी लावा."

त्यांनी पाळी लावली. पुढच्या सोमवारी फोन आला.

"भरली का बस?"

"रिकामी गेली, आबाजी."

चौघं-चौघं एका कारमध्ये बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं होतं, की कार थांब्याच्या पुढेही जाते. तीन कार, बारा माणसं, सरळ शहरात. त्या आठवड्यात बसमध्ये ड्रायव्हरशिवाय कोणी बसलं नाही आणि शनिवारी बस बंद झाली.

ते सांगायला रिंकूनं त्याच दिवशी फोन केला, तेव्हा मनसारामनं हातातलं जाळं खाली ठेवलं. बंडीचे बैल कुरखेड्यापर्यंत धावायला तयार नसत, ही गोष्ट त्यानं कधी हिशेबात धरलीच नव्हती.

"अन् तू कशी जातेस मंग?"

"तिसऱ्या कारमंधी. मांगं, दोघाइच्या मधात. मले घेतल्याबिगर जात नाई ते. अर्ज माझा होता म्हणतेत."

"रोज?"

"रोज. आज बी वेळेवर पोचली."

"टाइम ठरला आहे?"

"सहा चाळीस."

"थांबा?"

"चर्चपाशी."

"उशिरा आलेल्यासाठी थांबते?"

"नाई. काल एका मास्तराले सोडून गेली."

"मंग एसटीच आहे," मनसाराम देवकाबाईला म्हणाला, आणि पुन्हा फोनकडे वळला. "टोपलं ठेवू देतेत का?"

"कायचं टोपलं?"

"मासोळीचं."

रिंकूनं थोडा विचार केला. "इचारून सांगते."

"इचार. आमच्या कंडक्टरनं बी पयले नाई म्हटलं होतं. मंग मी दुसरा अर्ज केला."