सराईच्या दगडावरचा महिना

केशरबाईंच्या पत्राला दिनकररावांनी उत्तर दिलं नव्हतं, त्याला दीड वर्ष झालं होतं. परभणीच्या स्टेशन रस्त्यावरची जुनी सराई पाडली, तेव्हा त्यांनी एका साप्ताहिकात तिचा इतिहास लिहिला होता. बांधकाम १९२७ चं, असं छातीठोकपणे. त्यावर पाथरीहून वहीच्या पानावर पत्र आलं : "माझे वडील बन्सीधर गवंडी सांगायचे, सराईची मधली कमान मी अठराव्या वर्षी बांधली. तुमच्या सालानं ते तेव्हा नऊ वर्षांचे होतात. आता भावकी म्हणते, म्हातारा जन्मभर थापा मारत होता. खरं काय ते कळवा."

मेलेल्या माणसाला त्याच्या लेकीपुढे खोटं कसं पाडायचं? दिनकररावांनी पत्र शब्दकोशात ठेवलं आणि पुढे तो शब्दकोश उघडायचंही टाळलं.

या उन्हाळ्यात कपाट आवरताना त्यांच्या वडिलांचा मॅट्रिकचा दाखला सापडला. साल १३५२. हिजरी धरून हिशेब केला, तर वडील आठव्या वर्षी मॅट्रिक! दिनकररावांनी दाखल्यावरचं साल पुन्हा वाचलं. निजामाच्या दफ्तरात फसली साल चालायचं. त्यात पाचशे नव्वद मिळवले की इसवी सन. हे ठाऊक असून सराईच्या दारावरच्या दगडावरचं १३४६ आपण हिजरी धरून १९२७ काढलं? कोरलेलं उर्दूत होतं, एवढ्यावरून? वहीत नुसतं साल उतरवलेलं. महिना लिहिला असता, तर लगेच कळलं असतं; दोन्ही सालांचे महिने वेगळे.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते सराईच्या जागेवर गेले. तिथे नव्या दुकानांचे खांब उभे होते. समोरून चहावाल्या नागनाथनं हाक मारली, "काय हुडकायलाव, सर? तीन चकरा झाल्या."

"दारावरचा दगड. उर्दू अक्षरांचा."

"त्याच्यावरच उभे हाव की तुमी! पायरीला टाकलाय. लय सपाट निघाला."

दिनकरराव चटका बसल्यासारखे बाजूला झाले. "जरा पाणी देता?"

"प्यायला, का दगडाला पाजायला?"

दोघांनी नारळाच्या शेंडीनं दगड घासला. वडिलांनी शिकवलेली लिपी दिनकररावांनी बोट फिरवत वाचली. बहमन, १३४६. बहमन फसलीचाच महिना. म्हणजे १९३६ चा डिसेंबर. बन्सीधर तेव्हा अठरा वर्षांचे.

"काय लिव्हलंय?" नागनाथनं विचारलं.

"माझी चूक."

"एवढ्या मोठ्या दगडावर?"

घरी तीन कागद फाडले गेले. तिन्हींत आधी सबबी आल्या होत्या. चौथ्यावर त्यांनी लिहिलं : "तुमचे वडील खरं सांगत होते. साल मी चुकीचं काढलं, आणि उत्तर द्यायला उशीर केला, त्याची क्षमा मागतो. साप्ताहिकाला दुरुस्ती पाठवली आहे. तिची नक्कल सोबत आहे. ती भावकीत वाचून दाखवा."

पोस्टाच्या पेटीपाशी त्यांनी पाकिटावरचा पत्ता पुन्हा दोनदा वाचला. मग पाकीट आत टाकलं.