माझ्यासाठी सुपरचार्जर निवडला जातो

मित्रांनो, मी सव्वीस वर्षांची एक जुनी गाडी आहे. रंग निळा. ऊन लागतं त्या बाजूने राखाडी. मालकांनी मला कोरी घेतली. त्यांच्या बायकोला बाळंतपणाला मीच नेलं आणि मायलेकींना घरीही मीच आणलं. पुढे ती लेक प्रत्येक प्रवासात मागच्या सीटवर ओकली. मी कधी चकार शब्द काढला नाही. लेक लग्न होऊन लांब गेली, मालकीणबाई नातवाला सांभाळायला गेल्या त्या तिकडेच रमल्या. उरलो मालक आणि मी. ते मला रोज संध्याकाळी विनाकारण फिरवून आणत. माझे ते सर्वांत सुखाचे दिवस.

मग एकदा चढावर कोबी भरलेल्या टेम्पोने आम्हाला मागे टाकलं. टेम्पोवाल्याने वर हातही केला. तो हात मालकांच्या जिव्हारी लागला. घरी येऊन ते मला म्हणाले, "तुला सुपरचार्जर बसवू या."

सुपरचार्जर म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारं यंत्र. पोट भरलं म्हणणाऱ्या पाहुण्याला आग्रह करकरून वाढणाऱ्या मावशीसारखं. मला त्याची हौस नव्हती. मला संध्याकाळची फेरी हवी होती. पण निवड होईपर्यंत इंजिन झिजायला नको म्हणून मालकांनी नेमकी तीच बंद केली.

निवड चौदा महिने चालली. सुपरचार्जर सुट्या भागांच्या संचात, म्हणजे किटमध्ये मिळतो; एक किट सुरुवातीपासून जोर देणारं, दुसरं वेग वाढेल तसा जोर देणारं. मालक प्रत्येक किटच्या मापाचं पुठ्ठ्याचं खोकं करत, माझ्या इंजिनाशेजारी बसवत आणि बॉनेट लागतं का पाहत. मित्रांनो, त्या काळात माझ्या पोटात अकरा खोकी येऊन गेली. पेट्रोल मात्र थेंबभर नाही.

शेजारच्या वहिनी कुंपणावरून विचारत, "भाऊजी, मशीन बघताय की जावई?"

"वहिनी, बोटभर जागा कमी पडतेय."

"मग बॉनेट उघडं ठेवून चालवा. समोरचं दिसणार नाही, पण जोर तर येईल!"

अखेर किट आलं. ते बसवायला मिस्त्री आले. त्यांनी आधी एकेका सिलिंडरचा दाब मोजला.

"पहिला ठीक. दुसरा ठीक. चौथा ठीक. तिसऱ्याने राजीनामा दिलाय, साहेब. हे आधी तपासायचं असतं. किट नंतर घ्यायचं."

"पण किट तर आलंय."

"बसवलं तर पिस्टन बाहेर येऊन तुमच्याशी हात मिळवेल."

"मग करायचं काय?"

"इंजिन उघडू, नव्या रिंगा टाकू. दहा वर्षं बघायला नको. पण किट विसरा. गाडी आपल्या चालीने चालेल."

मी कान देऊन ऐकत होते. आपल्या चालीनेच तर मला जायचं होतं! मालकांनी किटकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा किटकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी विचारलं, "काय ठरलं?"

"गाडी बदलतोय," मालक म्हणाले. "या किटला शोभेल अशी."

ती महिन्याभरात आली. लाल आहे. स्वभावाने वाईट नसावी; आम्ही बोललेलो नाही. मला मागच्या भिंतीला लावलंय. रोज संध्याकाळी ती दोघं फाटकातून बाहेर पडतात, तो आवाज मला ऐकू येतो.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादं जुनं यंत्र असेल, किंवा जुनं माणूस, तर त्याला नवा जोर देण्याआधी एकदा त्याची तब्येत विचारा. कदाचित त्याला जोर नकोच असेल.

परवा मालक माझ्याकडे आले. चाव्या हातात होत्या. मला वाटलं, निघालो! त्यांनी बॉनेट उघडलं, लाल गाडीसाठी माझी बॅटरी काढली आणि बॉनेट लावलं. जाताना माझं दार नीट लागलंय ना, हे मात्र त्यांनी दोनदा ओढून पाहिलं. आत कोणी नव्हतं.