बाबांच्या अंगातला अर्धा वॉट

सभागृहात मुंगीलाही शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर वीजबाबांनी दोन उघड्या तारा दोन मुठींत धरल्या, चेल्याने बटण दाबलं आणि शंभर वॉटचा बल्ब लख्ख पेटला. वीज म्हणे बाबांच्या देहातून वाहत होती, आणि बाबा गालातल्या गालात हसत होते!

"जो देह वीज पचवतो, तो तुमचा रोग पचवणार नाही?" बाबा गरजले. "टाका ती विषं!" समोरच्या टबात औषधांच्या गोळ्या टपाटप पडू लागल्या.

दुसऱ्या रांगेत विज्ञानाच्या बाई दातओठ खात बसल्या होत्या. गेल्या वर्षी त्यांच्या दादाने याच टबात हृदयाच्या गोळ्या टाकल्या आणि महिनाभरात तो गेला. "श्रद्धा कमी पडली," एवढं बोलून बाबा मोकळे झाले. आज शेजारी वहिनी बसली होती, मांडीवर लेक आणि मुठीत लेकीच्या फिट्सच्या गोळ्या.

"वहिनी, पाच मिनिटं थांब."

"वन्सं, तुम्ही मध्ये पडू नका. माझ्याकडे आता हिच्याशिवाय कोण आहे?"

बाई पर्समधली दोन मीटरं घेऊन व्यासपीठावर चढल्या. "बाबा, जरा मोजू का?" त्यांनी अगदी गोड आवाजात विचारलं.

बाबांना वाटलं, मीटरनेच शक्ती सिद्ध केली तर दुधात साखर! "मोजा, मोजा! विज्ञानालाही घाम फुटू दे."

बाईंनी चिमट्याचं मीटर तारेभोवती लावलं. "शून्य दशांश त्रेचाळीस अँपिअर." लोकांनी जयजयकार केला. "वीज येते दोनशे तीस व्होल्टने. दोन्ही गुणा, शंभर वॉट. म्हणजे बल्ब पूर्ण पेटलाय. आता बाबांच्या वाट्याला किती व्होल्ट येतात ते बघू."

दुसऱ्या मीटरची टोकं त्यांनी बाबांच्या दोन्ही मुठींपाशी तारांना टेकवली. बाबांचं हसू मावळलं.

"जेमतेम एक! व्होल्टला अँपिअरने भागलं की रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, कळतो. बाबांचा रोध निघाला सव्वादोन ओहम. माणसाचा रोध ओल्या हातांनीही हजाराच्या घरात असतो. तेवढा असता तर बल्ब मिणमिणला असता आणि बाबा गेले असते. सव्वादोन ओहम तारेचा असतो, हाडामांसाचा नाही. आणि बाबांच्या अंगात मुरलेली शक्ती किती? एक व्होल्ट गुणिले शून्य दशांश त्रेचाळीस, म्हणजे अर्धा वॉटसुद्धा नाही!"

सभागृहात खसखस पिकली. चेल्याने घाईघाईने बटण बंद केलं. बाईंनी बाबांची बाही खस्सकन वर सारली. तांब्याच्या अंगठीपासून निघालेली बारीक तार दंडावरून पाठीमागे, तिथून दुसऱ्या हाताच्या अंगठीपर्यंत गेली होती. वीज बाबांना टाळून तारेतून जात होती.

बाईंनी अंगठ्या उपसून काढल्या, मोकळ्या तारा बाबांपुढे धरल्या आणि दुसरा हात बटणावर ठेवला. या क्षणाची त्यांनी वर्षभर वाट पाहिली होती.

"धरा आता. श्रद्धा आहे ना?"

"नको बाई! मरेन मी!" बाबा हात मागे घेत किंचाळले.

"माझा दादाही मेला. त्याला मात्र श्रद्धेच्या नावाखाली गोळ्या टाकायला लावल्यास."

बाईंनी बटणावरचा हात काढला आणि त्या लोकांकडे वळल्या.

"याला मी पोलिसांच्या हवाली करणार, याच्यासारखी मारणार नाही. पण तुम्ही ऐका. चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी मोजा. मोजता येत नसेल तर मोजणाऱ्याला बोलवा. आणि औषध बंद करायचं की नाही, ते डॉक्टरला विचारा."

वहिनी उठली. मांडीवरून उतरलेल्या लेकीचं बोट धरून ती दाराकडे निघाली आणि वाटेत भेटेल त्याला विचारू लागली, "प्यायला पाणी कुठे आहे हो? हिची गोळी द्यायची राहिलीय."