कापलेली बाजू खाली

तास ०

जवाचा दाणा डाव्या हाताच्या दोन बोटांत धरायचा, गर्भाचं टोक आपल्याकडे. ब्लेड दाबायचं नाही, ओढायचं. दोन तुकडे होतात. एकात गर्भ, म्हणजे उद्याचं रोप. दुसऱ्यात नुसता साठा, पांढरा, पिठाळ.

हे धाकटीला मी शिकवलं. धाकटी म्हणजे माझी जाऊ. घरी बसून कोमेजत चालली होती म्हणून दोन वर्षांपूर्वी मीच आमच्या प्रमुख मॅडमकडे शब्द टाकला आणि तिला इथं, बियाणं तपासणीच्या प्रयोगशाळेत आणलं. तेव्हापासून घरी आमचा एक ओटा आणि इथं एक टेबल.

आज तिने साठ दाणे कापले. एकही चुरला नाही.

आमच्या नोंदवहीत खोडरबर चालत नाही. चुकलं तर एकच रेघ मारायची, खालचं वाचता येईल अशी, आणि शेजारी सही.

धाकटीचा हात पाहून मला समाधान वाटलं. (रेघ. सही.)

तास ६

अंकुरण खोलीचे तंत्रज्ञ या महिन्यात निवृत्त होतात. खिडकीजवळची त्यांची खुर्ची मी सोळा वर्षं डोळ्यांनी झिजवली आहे. त्यांच्यानंतर मीच, यात कुणाला शंका नव्हती. निदान मला नव्हती.

दुपारी मॅडमनी बोलावून सांगितलं की धाकटीचा हा साठ दाण्यांचा संच निर्दोष निघाला तर खोली तिच्याकडे द्यायचा विचार आहे. नवीन प्रश्न विचारते ती. वर म्हणाल्या, तुम्ही आहातच तिच्या पाठीशी.

घरी आमच्या ह्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, बरं झालं, खुर्ची घरातच राहिली. मी त्यांना जेवण वाढलं. मीठ घालायचं राहून गेलं होतं. त्यांनी स्वतःच उठून मीठ घेतलं, म्हणजे त्यांना कळलं.

तास २४

तिचा प्रश्न असा.

दाणा भिजला की गर्भ जागा होतो आणि सालीखालच्या एका पातळ थराला निरोप धाडतो: भूक लागली. मग तो थर एन्झाइम तयार करतो, अमायलेज नावाचं, आणि ते साठ्यातल्या स्टार्चची साखर करत सुटतं. पहिलं पान हिरवं होऊन स्वतःचं पोट भरू लागेपर्यंत रोप त्या साखरेवर वाढतं. निरोप आला नाही तर थर भरल्या कोठारापाशी गप्प बसून राहतो. आला, तर सगळं देतो आणि देऊन झालं की मरतो. भेटीला येणाऱ्या विद्यार्थ्यांना मी हे कित्येकदा सांगितलं आहे. ऐकून ते जांभया देतात.

बारा वर्षं जुनं बियाणं उगवत नाही. का? थर मेला, की थर जिवंत आहे आणि गर्भच निरोप धाडत नाही? धाकटीने गर्भाचे तुकडे काढून टाकले. उरलेल्या अर्ध्यांपैकी निम्म्यांना बाटलीतला निरोप दिला, म्हणजे गर्भ धाडतो तेच संप्रेरक, आणि निम्म्यांना नुसतं पाणी. मग सगळे अर्धे स्टार्चची जेली ओतलेल्या काचेच्या बश्यांत मांडले, कापलेली बाजू खाली.

शेवटी वरून आयोडीन. स्टार्च असेल तिथं काळंनिळं, एन्झाइमने खाल्लं असेल तिथं काचेसारखं स्वच्छ. पाण्याच्या बश्या पूर्ण काळ्या राहायला हव्यात. त्यांत एक जरी स्वच्छ ठिपका दिसला तर सगळा संच बाद.

सोळा वर्षं मी कापते आहे. हा प्रश्न मला पडला नव्हता.

तास २६

ती चहाला गेली होती. एका पाण्याच्या बशीत दोन अर्धे नीट टेकलेले नव्हते. मला ते बघवलं नाही. झाकण उचललं, निर्जंतुक चिमट्याने दोन्ही सरळ केले. मास्कमुळे चष्म्यावर वाफ धरत होती, म्हणून मास्क हनुवटीखाली ओढला. एवढंच.

एवढंच. (रेघ. सही.)

मी बोलत होते. बशीवर वाकून, दात आवळून, ओटा पुसताना बायका बोलतात तसं. ब्लेड कसं धरायचं तेही हिला मी शिकवलं. आली तेव्हा आयोडीनने हात रंगवून घेतला आणि रडत बसली, तो धुतला मी. आता माझ्या खुर्चीवर बसणार. बसू दे, मोडेल खुर्ची. असं बरंच. शेवटी एक वाक्य होतं, ते इथं लिहीत नाही.

मग झाकण लावलं.

तास ७२

संप्रेरकाच्या बश्यांत प्रत्येक अर्ध्याभोवती स्वच्छ गोल कडं. थर जिवंत होता. बारा वर्षं निरोपाची वाट बघत बसला होता. धाकटीने टेबलाची कड घट्ट धरली.

पाण्याच्या बश्या. पहिली काळी. दुसरी काळी. तिसरीत दाण्यांपासून दूर, एका बाजूला, बारीक स्वच्छ ठिपके. शिंतोडे उडावेत तसे.

मला बघताक्षणी कळलं. अमायलेज काही फक्त जवात नसतं, ते माणसाच्या थुंकीतही असतं.

मॅडमनी बशी उजेडात धरली. म्हणाल्या, काप वाईट. कापताना गर्भ चुरला, त्याचा भुगा जेलीवर सांडला. संच बाद.

धाकटी स्वतःच्या बोटांकडे बघत राहिली. मी आयोडीनच्या बाटलीचं बूच लावलं. दोनदा लावलं.

तास ८०

संध्याकाळी घरी मी भांडी विसळत होते. धाकटीने पिशवीतून कोरड्या जवाची पुडी काढली, ओट्यावर वर्तमानपत्र पसरलं आणि कापायला बसली.

"ताई, माझं कुठं चुकतंय तेवढं बघा."

ती एकेक दाणा कापून माझ्यापुढे सरकवत होती. मी चष्मा पुसून बघत होते. अंगठ्याचा कोन माझा. शेवटी मनगट किंचित वळवायची खोड, तीही माझी. भुगा कणभर नाही. अठ्ठावीस दाणे झाले.

मी म्हटलं, काही चुकत नाही. ती म्हणाली, मग मॅडम म्हणतात ते? मी नळ मोठा सोडला.

त्या आवाजात मला राग आला, आणि या वेळी तिचा नाही. वाईट काप? तो काप माझा आहे. सोळा वर्षांत माझ्या कापाला कुणी नाव ठेवलं नव्हतं, आणि आता ठेवलं तेही तिच्या नावावर. माझ्या वाट्याची बोलणीसुद्धा तिलाच मिळाली.

तास ९६

मॅडमना सांगितलं. चांगुलपणाने सांगितलं असं समजू नये. मी म्हटलं, काप उत्तम आहे, ती थुंकी आहे, माझी. झाकण उघडं ठेवून बोलत होते.

त्यांचा विश्वास बसेना. जावेला वाचवताय, म्हणाल्या. आजवर मला कुणी इतकं सज्जन समजलं नव्हतं. मी म्हटलं, बशी द्या.

नवी बशी आली. झाकण धाकटीने धरलं. मी मास्क खाली केला.

"त्या दिवशी बोललात तसंच बोला," मॅडम म्हणाल्या.

मी बोलले. ब्लेडचं, रडण्याचं, खुर्चीचं. धाकटी माझ्यापासून वीतभर अंतरावर उभी होती आणि झाकण जराही हललं नाही. मॅडम भिंतीवरचं तापमान वाचू लागल्या.

तास ९८

आयोडीन ओतलं. ठिपके. एका बाजूला, बारीक, शिंतोडे उडावेत तसे.

मॅडमनी नोंदवहीत 'संच बाद' वर एक रेघ मारली आणि सही केली. खाली लिहिलं: तिसरी बशी वगळून संच ग्राह्य, कारण लाळ. कुणाची ते लिहिलं नाही. ते मी लिहिलं. मग त्यांनी धाकटीला सांगितलं की सोमवारपासून खिडकीजवळ बस, आणि मला सांगितलं की मास्क नाकावर हवा. दोन्ही एकाच सुरात.

त्या गेल्या. धाकटी दोन्ही बश्या शेजारी ठेवून पेनाच्या टोकाने मोजत होती. मोजताना तिचे ओठ हलतात. ही खोड तिची स्वतःची आहे.

"ताई, त्या दिवशीचे एकतीस आहेत. आज बावीसच."

मी म्हटलं, घसा कोरडा पडला होता.

"तुमचा?" ती म्हणाली. मग पेन खाली ठेवलं. "नऊ ठिपक्यांचं काय गाळलंत?"

तिने मघाचं झाकण उचलून परत बशीवर ठेवलं. मी मास्क वर ओढला, नाकावर नीट दाबला, आणि मग सांगितलं.

ते वाक्य असं होतं: माझ्यापेक्षा चांगलं कापते ही.