सातानंतर नऊ

मित्रांनो, सात वर्षांपूर्वी आलेल्या एका पत्राला आमच्या दुकानातून उत्तर गेलं नाही. त्याबद्दल मी बोलावं की नाही, हेच मला नीट कळत नाही. मी एक जुना टोच्या आहे. एक पोलादी टोक आणि एक लाकडी मूठ. पुस्तक शिवण्याआधी कागदाला भोकं पाडायची, एवढंच माझं काम.

थोरल्या बाइंडरांनी मला स्वतः घडवलं, तेही आपल्या मुलीच्या मुठीच्या मापाने. तिचा हात हलका. मेणावर एकदा टेकवून ती मला कागदाला लावायची. भोक पडल्याचं कागदाला कळायचंही नाही. पुढे ती लग्न होऊन दूर गेली आणि मी तिच्या धाकट्या भावाच्या हाती आलो.

थोरले बाइंडर शिल्लक कागदांवर टिपणं लिहीत. एकात एक घातलेल्या पानांच्या घडीला बाइंडर लोक जुज म्हणतात. वर्षाला एक, असे बारा जुज झाले. ते गेल्यावर ताईने भावाला सांगितलं, "बाबांचं लिखाण बांधून मला पाठव."

आठवा जुज वाचताना भावाचा चेहरा उतरला. त्याने तो बाजूला सरकवला आणि उरलेल्या अकरांना माझ्याकडून भोकं पाडून घेतली. ज्या मुठीसाठी मी घडलो, तिलाच फसवायला मला वापरलं. ते अजून सलतं.

महिन्याभरात पत्र आलं. "बाळ, घडीच्या आत, दोऱ्याखाली, बाबा पेन्सिलीने आकडा घालायचे. इथे सातानंतर एकदम नऊ आहे. माझ्या लग्नाचं वर्ष कुठे गेलं?"

बाइंडरची मुलगी ती, दोऱ्याखाली बघणारच. भाऊ आकडे खोडायला विसरला होता.

त्याने उत्तर दिलं नाही. "टोच्या बोथट झालाय," असं बायकोला सांगून मला तळाच्या खणात टाकलं, नेमकं त्या आठव्या जुजावर. मी बोथट नव्हतो, मित्रांनो. तिथे पडून गंजलो मात्र.

परवा बायको खण आवरायला बसली. "हे मामंजींचं अक्षर ना?" म्हणत तिने मोठ्याने वाचलं: 'मुलगी सासरी गेली. दुकानातला खरा हात गेला. दुकान तिलाच द्यायला हवं होतं. सांगायचं धैर्य झालं नाही.'

मग ती म्हणाली, "वन्सं सात वर्षं वाट बघतायत, आणि तुम्ही हे खणात घातलंत?"

"वाचलंस ना? मला काय वाटलं असेल?"

"टोचलं असेल. पण ते तुमच्यासाठी लिहिलेलंच नाही."

तिच्या हातातून जुज घेत तो म्हणाला, "आता कुठल्या तोंडाने लिहू?"

"हाताने लिहा. तोंड सात वर्षं बंदच आहे."

मित्रांनो, अवजारांना तेल द्या, गंजू देऊ नका. आणि आपली लाज झाकायला त्यांना कामाला लावू नका. आम्हाला नाही म्हणता येत नाही.

त्याने माझा गंज घासून काढला. मग चार ओळी लिहिल्या. शेवटची अशी: "आठवा जुज पाठवतोय. भोकं पाडलेली नाहीत, ती तू पाड." वाटेत पानांना इजा नको म्हणून माझ्या टोकाला बूच लावलं आणि मलाही जुजासोबत पाकिटात घातलं. मी त्याला माफ केलंय का, ते मला अजून सांगता येत नाही.

पोस्टातल्या बाईंनी पाकीट चाचपलं. "आत काय आहे?"

"बहिणीचं आहे," तो म्हणाला. "माझ्याकडे राहिलं होतं."

धप्पकन शिक्का बसला.